खिळ्याची खाच

प्लास्टरचा वरचा जबडा साच्यातून सुटून त्याच्या हातात आला तेव्हा तो अजून कोमट होता, आणि का कोण जाणे, त्याची जीभ आधी स्वतःच्या दाताकडे गेली. मग त्यानं पाहिलं. पुढच्या डाव्या दाताच्या कडेला एक बारीक अर्धगोल खाच होती. कानशीनं मुद्दाम घासल्यासारखी गुळगुळीत. एरवी प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला की अशी खाच पडते, आणि दुसऱ्या कुठल्या जबड्यात त्यानं तिच्याकडे लक्षही दिलं नसतं. पण शेजारी खालचा जबडा आधीच सुटून पडला होता, आणि त्यातला एक दात दुसऱ्याच्या पुढे आडवा उभा होता, रांगेत कुणीतरी खांदा घालून घुसावं तसा. खाच आणि तो घुसखोर दात. एकेकटे असते तर योगायोग म्हणता आला असता. त्यानं चिठ्ठी उचलली. वय पंचावन्न. बाजू डावी. कारण : पडून. वर नाव होतं, ते त्यानं अंगठ्याखाली झाकलं, आणि झाकल्यावर आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं. न ओळखणाऱ्याला झाकायची गरज पडत नाही.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून त्याची खोली होती. तिथं तीस वर्षं त्यानं मोडलेले जबडे जुळवले होते, आणि त्यातला माणूस सहसा पाहिला नव्हता. वरून रोग्यांच्या दातांचे मेणचट गुलाबी ठसे येत, तो त्यात प्लास्टर ओती, खालचा जबडा जिथं मोडला असेल तिथं बारीक करवतीनं कापी, आणि तुकडे वरच्या दातांशी असे बसवी की माणूस मोडण्याआधी जसा चावत होता तसा पुन्हा चावेल. मग त्यावर दातांना धरून ठेवणारी पट्टी बनवी. डॉक्टर ती पट्टी तारांनी बांधत. दात एकमेकांवर घासून झिजतात, त्या झिजेच्या खुणा वाचायच्या, हीच काय ती त्याची विद्या. माणूस खोटं सांगेल, झीज सांगत नाही, असं तो कुणाला म्हणाला नव्हता, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ओठ, नाक, डोळे यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. रस्त्यात समोरून कुणी हसत आला तरी तो आधी चावा बघे आणि मग ओळखीचं हसे, तोवर समोरचा पुढे गेलेला असे.

"काका, माझा पडलेला माणूस सुटला का साच्यातून?" दारात तरुण डॉक्टरीण उभी होती, काखेत तिची ती लांबट वही. कामकरी वयाच्या माणसांच्या चेहऱ्याची हाडं कशानं मोडतात यावर ती वर्षभर अभ्यास करत होती. वहीत रकाने होते : वाहन, काम, मारामारी, खेळ, पडून, इतर.

"सुटला," तो म्हणाला.

"दोनशे अकरावा. आणि पडलेल्यांत नव्वदावा." ती स्टुलावर टेकली. "मला एक सांगा, इथली माणसं चालतात की नुसती पडतात? बरं, पडतात तर पडतात, सगळी डाव्या गालावरच कशी पडतात? जमिनीलासुद्धा उजवा हात असतो वाटतं."

तो हसला. हसताना त्यानं तोंड मिटूनच ठेवलं.

"ह्याचं बघा ना. म्हणे गोदामाच्या पायऱ्यांवरून घसरला. कोपराला खरचटलेलं नाही, तळहात स्वच्छ. पडणारा माणूस आधी हात टेकतो हो. पण तो तेच लिहून देतोय. मी काय करणार, रकाना भरणार." मग ती जरा गंभीर झाली. "अडचण वेगळीच आहे. मागचे दात दोन्हीकडचे गेलेत, त्यामुळे जबडा नेमका कुठं बसत होता ते मला कळत नाही. हनुवटी डावीकडे गेलीय, ती ह्या मारानं असं मी धरून चाललेय. फोटोत कानापाशी हाड जरा जाड दिसतं, म्हणून विचारलं, पूर्वी कधी लागलं होतं का? तर मान हलवतो, नाही म्हणून. तेव्हा तुम्ही झीज बघा आणि ठरवा. परवा सकाळी घेतेय त्याला. मधली रेघ जुळत असेल तर जुळवा बाई, आपलं, काका. निदान चेहरा तरी सरळ होऊन जाऊ दे बिचाऱ्याचा."

ती गेल्यावर तिचे शब्द खोलीत रेंगाळले. तुम्ही ठरवा. आयुष्यात त्याला ठरवायला फार कमी वेळा सांगितलं गेलं होतं, आणि एकदा, जेव्हा सांगितलं गेलं, तेव्हा त्यानं एका शब्दात ठरवून टाकलं होतं. करवत चालवताना पांढरी पूड मनगटावर पडत होती आणि तिला प्लास्टरचा वास यायचा तो न येता ओल्या लाकडाचा येऊ लागला. खोक्यांचा कारखाना. लांबलचक पत्र्याची शेड, टोकाला उंचावर लावलेला फळ्या उचलायचा रहाट, आणि मधे बाकावर समोरासमोर बसून फळीला फळी ठोकणारी चाळीस माणसं. ठोकणाऱ्याचा एक हात हातोडीला, एक फळीला, म्हणून खिळे तोंडात. सात-आठ खिळे ओठांत, आणि पुढचा लागणारा दातांत धरलेला. दोन-तीन वर्षांत दाताला खाच पडे. नव्या माणसाला जुने म्हणत, "तोंड उघड बघू, अजून बिनखाचेचा आहेस, तुला काय येतंय!" खाच ही कारखान्याची पदवी होती. त्याची स्वतःची बारीक होती, कच्ची, कारण तो तिथं तीनच वर्षं टिकला. समोर बसणाऱ्याची खोल होती. त्याला सगळे शीळकरी म्हणत. तोंडात खिळे नसले की तो शीळ घाली, आणि असले की नाकातून गुणगुणे. त्या आडव्या दातामुळे त्याच्या शिळेला एक बारीक, फाटका असा दुसरा सूर लागे. शेडच्या या टोकाला करवतीच्या आवाजातसुद्धा तो ऐकू यायचा. रविवारी शीळकरी घरी येई तेव्हा दार वाजवायच्या आधी शीळ येई, आणि धाकटी बहीण, तेव्हा एकवीस वर्षांची, आरशासमोरून उगाचच उठून पाणी आणायला जाई. ठरल्यासारखंच होतं. आईनं तर त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवायलाही सुरुवात केली होती.

रहाटाला दोन माणसं लागत. एक हँडल फिरवणारा, एक खाली फळ्या लावून घेणारा. हात काढायच्या आधी दातेरी चाकात लोखंडी खिट्टी टाकायची, असा नियम होता, आणि तो कुणी पाळत नसे, कारण खिट्टी टाकण्या-काढण्यात वेळ जाई. त्या दिवशी तो स्वतः हँडलवर होता आणि खाली शीळकरी. ठोकता ठोकता मधेच उठून आला होता, खिळे तोंडातच होते. ओझं अर्धं वर गेलं आणि दातांतला खिळा सटकला, जिभेवरून मागे, घशाच्या तोंडाशी. ती लोखंडाची गार, आंबट चव त्याला आत्ता, एकतीस वर्षांनी, करवत हातात असताना जशीच्या तशी आली. त्यानं दोन्ही हात तोंडाकडे नेले. बस्, एवढंच. स्वतःच्या तोंडासाठी हात सोडले. हँडल गरकन उलटं फिरलं, आणि काय गडबड झाली म्हणून बघायला वाकलेल्या शीळकऱ्याच्या डाव्या कानाखाली बसलं. आवाज फार मोठा नव्हता. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. मुकादम धावत आला, "काय झालं रे?" शीळकरी भुशात बसला होता, तोंडाला हात लावून, आणि बोटांतून रक्त येत होतं. बोलू शकत नव्हता. बोलू शकणारा एकच होता. त्यानं खिळे हातात थुंकले आणि म्हणाला, "पडला. पाय घसरला त्याचा."

शीळकऱ्यानं फक्त मान वर करून बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा वाटलं. त्यात नुसतं आश्चर्य होतं, आणि मग तेही विझलं. 'उद्या सांगू' असं तो त्या संध्याकाळी स्वतःशी म्हणाला. पुढे 'त्याला बोलता येऊ लागलं की तोच सांगेल' असं म्हणाला. महिन्याभरानं शीळकऱ्याला बोलता आलं, आणि त्यानं काहीच सांगितलं नाही. जबडा कुणी नीट बसवलाच नव्हता. साध्या फडक्यानं बांधून ठेवलेला, तो जसा सांधायचा तसा सांधला. हनुवटी डावीकडे सरकली. शीळ घालायला गेला की हवा कोपऱ्यातून नुसती निसटे. कारखान्यात तो धांदरट ठरला. रहाटाखाली उभा राहता येत नाही त्याला ठेवायचा कशाला, म्हणून महिनाअखेरीला त्याला काढलं. घरात आई म्हणाली, "तोंडाचं एक वेळ चालवून घेतलं असतं गं. पण सरळ जमिनीवर ज्याला उभं राहता येत नाही तो संसार काय उभा करणार?" तेव्हा तो, खरं माहीत असलेला, तिथंच बसला होता. नखानं सतरंजीचा एक दोरा उसवत होता. तो दोरा त्याला आठवतो, निळा होता. आणखी वर्षभरानं त्यानं कारखाना सोडला, कुणाच्या तरी ओळखीनं ह्या खोलीत शिकायला लागला. लोक कधी विचारतात, ह्या कामात कसे आलात? तो म्हणतो, योगायोगानं. तसंच असेलही. आपण काही भरपाई करायला आलो असं म्हणायला माणूस जरा मोठा लागतो.

कापलेले दोन तुकडे त्यानं मेणानं जोडले आणि बिजागरीच्या यंत्रात वरच्या जबड्याखाली धरले. मधली रेघ जुळवली. बसले. वरच्या दोन दातांमधली फट आणि खालच्या दोन दातांमधली फट, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखी. समोर एक सरळ माणूस होता. एकतीस वर्षांपूर्वीचा, दार वाजवायच्या आधीचा. मग त्यानं खालचा जबडा अर्धा दात डावीकडे सरकवला. एक बारीक 'टक्' झालं. वरच्या सुळ्याची बाहेरची उतरण खालच्याच्या झिजलेल्या सपाटीवर अशी जाऊन बसली की यंत्र हलवलं तरी सुटेना. संशयाला जागाच नव्हती. हा माणूस एकतीस वर्षं इथं चावत आला होता. त्याच्या कानापाशीचे सांधे, गालाचे स्नायू, सगळे या वाकडेपणाभोवती वाढले होते, जसं कुंपणाची तार पोटात घेऊन झाड वाढतं. आता त्याला ओढून सरळ केलं तर दिसायला देखणा होईल, आणि मरेपर्यंत घास चावताना कानात कळ येईल. हे डॉक्टरणीला कळणार नाही. तिला मधली रेघ दिसेल. सरळ पट्टी दिली तर कुणी एक प्रश्न विचारणार नाही. वाकडी दिली तर ती विचारेल, "काका, हे कशावरून?" तो झीज दाखवेल. ती म्हणेल, "म्हणजे जुना मोड आहे. पण तो तर नाही म्हणतो. तुम्हाला एवढी खात्री कशी?" आणि ते थोडंसं जाड झालेलं हाड, ती एक खाच, तो एक निळा दोरा, सगळं त्या वहीत येऊन पडेल. पण पुढे त्यानं जे केलं ते नुसत्या भीतीनंच असं म्हणणंही खोटं. त्याला खरोखर वाटलं की आपल्याला त्याचा चेहरा परत देता येईल. हातून सुटलं होतं ते हातानंच परत. संध्याकाळपर्यंत त्यानं सरळ पट्टी केली, घासली, चमकवली. इतकी सुबक पट्टी त्याच्या हातून वर्षात झाली नव्हती.

घरी बहीण शिलाईच्या यंत्रावर बसली होती. त्याची बायको गेल्यापासून घरात दोघंच. बहिणीचं लग्न पुढे कुठं जमलं नाही, तिनं जमू दिलं नाही असंही म्हणता येईल. तिनं मान वर न करता विचारलं, "दादा, जेवण वाढू की आधी चहा?"

"तो आलाय," तो म्हणाला. "आमच्याकडे. वॉर्डात."

यंत्र थांबलं. कोण, असं तिनं विचारलं नाही. तिनं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातांनी तोडला. "काय झालंय त्याला?"

"जबडा मोडलाय. पडून म्हणे."

"परत?" ती म्हणाली.

त्या एका शब्दात असं काही होतं की तो बुटाची नाडी सोडता सोडता तसाच वाकून राहिला. "परत म्हणजे?"

"दादा, आता आपण म्हातारे झालो. मला माहीत आहे. त्यानं तेव्हाच लिहून दाखवलं होतं मला, पाटीवर. त्याला बोलता येत नव्हतं ना. लिहिलं आणि लगेच पुसलं. म्हणाला, म्हणजे लिहिलं, की तुझा दादा स्वतः सांगेल, तू बोलू नकोस."

"आणि तू बोलली नाहीस."

"माझी गोष्ट नव्हती ती. तुझी होती." ती कापडाची घडी घालू लागली, जी घडी उद्या पुन्हा मोडायचीच होती. "मी वाट बघितली. सहा महिने बघितली. तू रोज यायचास, हात धुवायचास, जेवायला बसायचास. मला वाटायचं, आज भात संपल्यावर बोलेल. आज ताक प्यायल्यावर. मग एक दिवस म्हटलं, हा काही बोलायचा नाही. त्या दिवसापासून मला बरं वाटायला लागलं, खोटं कशाला सांगू. वाट बघण्यासारखा दुसरा आजार नाही." ती उठली. थोड्या वेळानं आतून तिनं विचारलं, "कसा दिसतो रे आता?"

 त्यानं फक्त दात पाहिले होते.

सकाळी तो लवकर गेला. सरळ पट्टी टेबलावर होती, उजेडात पाणीदार दिसत होती. त्यानं ती बाजूला ठेवली, मेण तापवलं, जबडा अर्धा दात डावीकडे नेला, तो 'टक्' ऐकला आणि दुसरी पट्टी करायला घेतली. ही तितकी सुबक झाली नाही.  दुपारी ती आणि दोन्ही जबडे ट्रेमध्ये घेऊन तो डॉक्टरणीबरोबर वॉर्डात गेला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

खिडकीजवळच्या खाटेवर एक वाळलेला, पांढरा झालेला माणूस हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टा बांधून बसला होता. मांडीवर लिहायला पाटी. शेजारी स्टुलावर गोदामातला त्याचा सोबती, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, नळीच्या पेल्यानं त्याला दूध पाजत होता. फार हळू, फार काळजीनं, आणि एकदाही त्याच्या डोळ्यांकडे न बघता. दूध ओघळलं की सोबती घाईनं पुसे. 

"काका म्हणतात की जबडा वाकडाच बसवायचा," डॉक्टरीण रोग्याला म्हणाली. "मला ते पटत नाहीये. काका, सांगा बरं, कशावरून?"

त्यानं झीज दाखवली नाही. "ह्यांचा जबडा आधी एकदा मोडलाय," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका आणि फार मोठा वाटला. "एकतीस वर्षांपूर्वी. डाव्या कानाखाली. खोक्यांच्या कारखान्यात रहाटाचं हँडल बसलं. हँडल माझ्या हातात होतं. मी सोडलं. आणि पडला म्हणून मीच सांगितलं."

खाटेवरच्या माणसानं मान वर करून बघितलं. तेच बघणं. पण आश्चर्य नव्हतं, आता त्या डोळ्यांना कशाचंच होत नसावं. त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं : वाकडाच ठेवा. सवय आहे. मग तळहातानं पुसलं, जरा थांबला, आणि लिहिलं : बहीण?

"बरी आहे. घरीच असते. शिवण करते."

त्यानं तेही पुसलं, लिहिलं काहीच नव्हतं तरी पुन्हा पुसलं.

 डॉक्टरणीनं सवयीनं वही उघडली, 'काम' या रकान्यावर पेन नेलं आणि तिथंच धरलं. "हे मला घेता नाही येणार, काका," ती हळूच म्हणाली. "माझ्या अभ्यासात ह्या वर्षीचेच मोड आहेत. जुन्याला रकाना नाही." ती सोबत्याकडे वळली. "आत्ताचं मात्र घेता येईल. तुम्ही होतात ना तिथं? खरं काय झालं? कसे पडले हे?"

सोबत्यानं पेला खाली ठेवला. खाटेवरचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला, जाणूनबुजून, एखाद्याला कपडे बदलायला सवड द्यावी तसा.

"पडला," सोबती म्हणाला. "पाय घसरला त्याचा."

डॉक्टरणीनं वही मिटली. नव्वदावी खूण 'पडून' या रकान्यात होती तिथंच राहिली.

तो ट्रे घेऊन बाहेर आला. त्याला हलकं वाटायला हवं होतं, निदान पुस्तकांत तसं लिहितात, पण हातातला ट्रे तेवढाच जड होता, आणि जिभेवर खिळ्याची आंबट चव तशीच होती. जिन्याच्या तोंडाशी मागून पावलं आली. तो सोबती होता, हातात धुवायला नेलेला रिकामा पेला.

"ओ काका. एक विचारायचं होतं." तो पेला या हातातून त्या हातात करत राहिला. "वाकडा राहिला तर राहू दे. पण त्याला बोलता येईल ना? म्हणजे पहिल्यासारखं? सगळं?"

प्रश्नात काळजी होती. खरी होती, ती त्यानं दूध पाजताना पाहिली होती. आणि काळजीच्या खाली, अगदी तळाला, दुसरं काहीतरी होतं, जे विचारणाऱ्याला स्वतःलाही अजून कळलं नव्हतं. ते त्यानं ओळखलं. शीळकऱ्याला बोलता येत नव्हतं त्या सगळ्या महिन्यात, त्याच्या दारावरून जाताना, तेच त्याच्या छातीत असायचं. तेव्हा त्याला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"येईल," तो म्हणाला. "सहा आठवड्यांनी तारा काढल्या की स्वच्छ बोलता येईल." आणि सोबत्याच्या चेहऱ्यावर सुटका आणि भीती एकाच वेळी यायला लागली तेव्हा तो पुढे म्हणाला, "पण तो बोलायचा नाही."

सोबत्याच्या हातातला पेला कलला. पेल्यातला दुधाचा शेवटचा थेंब नळीतून खाली, त्याच्या बुटावर पडला.